बटणांचं बारसं

हिराजीदादांचा मॉनिटर कायम बंद असायचा. नवा माणूस आमच्या ऑफिसात रुजू झाला, की पहिल्याच आठवड्यात कधीतरी दयाबुद्धीने त्यांच्या टेबलाशी जायचा आणि "काका, तुमची स्क्रीन बंद आहे" म्हणून बटण दाबायचा. कीबोर्डवरची बोटं जराही न थांबवता दादा म्हणायचे, "ऱ्हाऊ दे रं बाला, वीज वाचव." मग त्या माणसाच्या डोक्यात प्रकाश पडायचा आणि तो कानापर्यंत लाल व्हायचा. मीही झाले होते. मी तर त्याच्या पुढची. स्क्रीन लावून वर ब्राइटनेसही वाढवून दिला होता.

आमचं ऑफिस वाशीत, एका कमर्शियल इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. खिडकी उघडली की मोसमाप्रमाणे खालून कांद्याचा नाहीतर आंब्याचा वास येतो. कामं बहुतेक सरकारी वेबसाइटची. अशा प्रत्येक कामाच्या कागदपत्रांत एक कलम असतं: सदर संकेतस्थळ सर्व नागरिकांना, अपंग नागरिकांनाही, वापरता आलं पाहिजे. हे कलम सगळेच लिहितात आणि कोणीच वाचत नाही. आमच्या सावंत सरांनी ते वाचलं, मालवणी माणूस असल्यामुळे त्यावर तीन दिवस शंका काढल्या, आणि चौथ्या दिवशी तळवलीच्या हिराजी मढवींना वेबसाइट तपासायला बोलावून घेतलं.

तेव्हा दादा पन्नाशीच्या पुढचे होते. चोविसाव्या वर्षी नजर गेली, तीही हळूहळू, कडेकडेने. त्यावर ते फार बोलायचे नाहीत. घरची शेती होती, तिथे आता चार मजली बिल्डिंग आणि भाडेकरू. "बसून ऱ्हायलो असतो तं चालला असता," ते म्हणायचे, "पन मना बसवत नाय. आनि भारेकरूंची भांडनां कोन आयकल रोज?" म्हणून ते वयाच्या चाळिशीत कॉम्प्युटर शिकले. पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट, खांद्यावर चौकड्यांचा पंचा, आणि खाडीच्या या काठावरून त्या काठाला हाक मारावी असा आवाज. सकाळी बसमधून उतरून काठी टेकत जिना चढताना त्यांचं कोणाशी तरी बोलणं सुरू असायचं, ते तिसऱ्या मजल्यावर आम्हाला आधी ऐकू यायचं. लिफ्ट त्यांना आवडत नव्हती. "लिपमंदी कोनी बोलत नाय. सगले मेल्यावानी उभे."

पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं. दादा त्याला 'माजा पोपट' म्हणायचे. त्याचा वेग त्यांनी इतका वाढवून ठेवला होता, की आपल्याला नुसतं भजी तळल्यासारखं ऐकू यावं. त्यात ते शब्दन् शब्द पकडायचे आणि वर आमच्या गप्पांकडेही कान असायचा. मी बार्शीची. माझ्या सासूबद्दल मी मैत्रिणीशी कुजबुजत होते तेव्हा चार टेबलं पलीकडून आवाज आला, "पराजक्ते, सासू बराबर हाय. मी आयकला सगला." प्राजक्ता हे माझं नाव त्यांनी पहिल्या दिवसापासून असंच घेतलं आणि मला ते कधी खटकलं नाही.

मी केलेली पहिली वेबसाइट मी त्यांच्यापुढे ठेवली ती मोठ्या दिमाखात. रंग काय, चित्रं काय. दादांनी पाच मिनिटं ऐकलं. मग पोपटाचा वेग कमी करून मलाच ऐकवलं. "येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. बटण. बटण. बटण." एका पानावर एकतीस वेळा 'येथे क्लिक करा' होतं. कशासाठी, ते शेजारच्या रंगीत चित्रांत.

"पराजक्ते," दादा म्हणाले, "आमच्या गावान कोनी पावना आयला नि इचारला, पाटलाचा घर कुठं, तं आमी बोट दाखवतंव काय? सांगतंव, वडाच्या म्होरं, हिरवा दरवाजा. तू तं नुसती बोट दाखवत सुटलीस."

"पण दादा, ते बाणाचं चित्र आहे ना बटणावर. बाण म्हणजे पुढे."

"तुला दिसतंय बान. माज्या पोपटाला फकस्त बटन दिसतंय. तेला नावच नाय. बिनानावाचा पोर हाय तुजा."

आता हे थोडं समजावून सांगायला हवं, नाहीतर पुढची मजा कळणार नाही. बटणावर चित्र असलं की डोळसाला पुरतं. पण त्या बटणाला आत, पडद्यावर न दिसणारं एक नाव द्यावं लागतं. ते दिलं, की पोपट वाचतो, 'पुढे जा, बटण'. नाही दिलं, तर नुसतंच 'बटण'. एका दमात चारदा 'बटण' ऐकू आलं, तर त्यातलं अर्ज भरण्याचं कुठलं आणि पुसून टाकण्याचं कुठलं, हे देवालाच ठाऊक.

'बिनानावाचा पोर' हे शब्द दादा सहज बोलून गेले आणि त्यातून आमच्या ऑफिसात एक प्रथा सुरू झाली. दर शुक्रवारी जेवण झालं, की त्या आठवड्यात सापडलेल्या बिननावाच्या बटणांचं बारसं. जुन्या कीबोर्डच्या खोक्याला लॅनची केबल बांधून पँट्रीत पाळणा टांगलेला असायचा. चिठ्ठीवर बटणाचं चित्र काढून आत ठेवायचं. ज्याने ते बटण बनवलं तो त्याची आई. आईने घुगऱ्या आणायच्या. आत्याबाईचा मान दादांचा. ते पंचा डोक्यावरून घेऊन पाळण्यात वाकायचे, 'कुर्रर्र' करायचे आणि नाव सांगायचे, "अर्ज दाखल करा!" की आम्ही टाळ्या पिटायचो. पहिले दोन महिने मी इतकी बाळंत झाले, की आमच्या खांदेश्वरच्या वाण्याने विचारलं, "ताई, एवढे हरभरे कशाला लागतात?"

नावाचा नियम दादांचा होता. नाव बापाला आवडलं पाहिजे असं नाही, हाक मारणाऱ्याला कळलं पाहिजे. मी एकदा एका बटणाला 'प्रारंभ' ठेवलं. दादांनी पाळणा थांबवला. "कशाचा परारंब? लग्नाचा का नाटकाचा?" शेवटी 'नवीन अर्ज सुरू करा' ठरलं. सावंत सर दाराशी उभं राहून म्हणायचे, हे ऑफिस आहे की मॅटर्निटी होम. पण घुगऱ्यांची पहिली वाटी त्यांचीच असायची.

आणि या बारशातच मी माती खाल्ली.

शुक्रवार यायला अवकाश असला, की मी बटणांना तात्पुरती लाडाची नावं देऊन ठेवायचे. घरात नाही का, बारशाआधी बाळाला छकुली म्हणतात, तसं. एका सार्वजनिक वाचनालयाच्या सभासदत्वाचा अर्ज आम्ही करत होतो. त्यातल्या शेवटच्या बटणाला मी आत नाव दिलं, 'सोनूताई'. तो शुक्रवार सुट्टीचा निघाला. बारसं राहिलं आणि वेबसाइट सुरू झाली. पडद्यावर सगळं नीटच दिसत होतं, त्यामुळे कोणाला पत्ता लागला नाही. पंधरा दिवसांनी पनवेलच्या, ओळखीतल्या एका अंध संगीतशिक्षिकेचा दादांना फोन आला. बाईंनी सगळा अर्ज भरला, आणि शेवटी पोपट म्हणाला, 'सोनूताई, बटण'. बाई बिचकल्या. कोणीतरी फसवतंय असं वाटून त्यांनी सगळं बंद केलं. अर्जाची मुदत टळली.

ऑफिसात मी हसले. खरं सांगते, आधी मी हसले. दादा हसले नाहीत. त्यांना चिडलेलं मी त्या एकाच वेळी पाहिलं. आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि त्या माणसाचा आवाज खाली आलेला ऐकणं फार वाईट होतं.

"पराजक्ते, नाव म्हंजे खेल नाय. बारसा मी गमतीत करतंय. नाव गमतीत नाय ठेवत."

मी रडवेली होऊन समोर बसले. मग त्यांनी मला डिंपलची गोष्ट सांगितली.

डिंपल ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती जन्मली तेव्हा दादांची नजर जाऊन वर्ष झालं होतं. नाव ठरलेलं होतं, दादांच्या आईचं, जानकी. डोळे गेल्यावर दादा खाटेवरून उठेनात, तेव्हा या जानकीबाईंनी त्यांना रोज हाताला धरून खाडीपर्यंत चालवत नेलं होतं. दादा स्वतः कचेरीत गेले, सोबत चुलतभाऊ. फॉर्म चुलतभावाने भरला, दादांनी अंगठा दिला. पुढे सहा वर्षांनी शाळेत दाखला दिला तेव्हा बाईंनी वाचलं, डिंपल हिराजी मढवी. चुलतभावाला जानकी हे नाव जुनाट वाटलं होतं. पोरीचं भलं व्हावं म्हणून त्याने आपल्या मनाने चांगलंसं टाकलं, आणि घरी सांगायचा त्याला धीर झाला नाही.

"मना इचारलाबी नाय," दादा म्हणाले. "पेन तेच्या हातान होता ना. जेच्या हातान पेन, तेचा पोर. डिंपल म्हंजे काय, त्याबी मना नंतर कलला. गालावरची खलगी. आनि माज्या पोरीच्या गालाला खलगीबी नाय!"

इथे आम्ही दोघंही हसलो, मग मी डोळे पुसले. त्याच दिवशी मी पनवेलच्या बाईंना फोन करून माफी मागितली. वाचनालयाला विनंती करून त्यांचा अर्ज आत घेतला. सोनूताईंचं 'अर्ज दाखल करा' झालं. त्या शुक्रवारी घुगऱ्या मी आणल्या, पण पाळणा हलवला नाही.

आता डिंपलला दिवस गेले होते. आणि योग असा, की जन्मनोंदणीच्या वेबसाइटचं काम त्याच सुमारास आमच्याकडे आलं. कुठल्या कार्यालयाचं ते सांगत नाही. हल्ली दवाखाना जन्म नोंदवतो, बाळाचं नाव मागाहून पालकांनी ऑनलाइन भरायचं असतं. दादांनी सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "ह्या खेपेला फारम मी भरनार. माज्या बोटांनी. कोनाचा हात लागनार नाय." आम्हाला कोणालाच वेगळं काही सांगावं लागलं नाही. ती वेबसाइट डिंपलच्या बाळाआधी चालू व्हायला हवी होती.

अडलं ते कॅप्चापाशी. वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाइप करा, म्हणजे तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध होतं, तेच. चित्रातली अक्षरं पोपटाला वाचता येत नाहीत. दादा म्हणायचे, "मी मानूस हाय का नाय, ह्या यंत्र इचारतंय. आनि उत्तर डोल्यांनी देयाचा!" ते काढून त्याजागी मोबाइलवर ओटीपी पाठवावा, एवढंच आमचं म्हणणं होतं. पण कार्यालयातल्या मोठ्या मॅडम ऐकेनात. म्हणून मी, सावंत सर आणि दादा त्यांना भेटायला गेलो.

मॅडम तशा भल्या होत्या. चहा मागवला, दादांच्या हाताजवळ कप सरकवून दिला. मग म्हणाल्या, "सुरक्षेचा प्रश्न आहे हो. आणि अंध व्यक्तीबरोबर कोणीतरी असतंच ना? ते भरतील की."

मी दादांकडे पाहिलं. वाटलं, आता डिंपलची गोष्ट निघणार. दादांनी चहाचा घोट घेतला, कप ठेवला आणि खांद्यावरचा पंचा काढला.

"मॅडम, येक गंमत करू? तुमचा कम्पुटर कुठं हाय?" हात पुढे करून त्यांनी चाचपलं आणि पंचा मॉनिटरवर नीट पांघरला. आमची नवी वेबसाइट अजून चाचणीतच होती, मॅडमच्या कार्यालयाची जुनी चालू होती. सावंत सरांनी पोपट सुरू करून दिला, अगदी सावकाश. "आता तुमच्या साईटवं तुमालाच शोधा. तुमचा फोटू हाय ना पयल्या पानावं?"

मॅडम हसल्या आणि एक एक कळ दाबत निघाल्या. पोपट म्हणाला, "बटण." मग म्हणाला, "बटण." मग "येथे क्लिक करा." मॅडमच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या. मग पोपट स्पष्ट आवाजात म्हणाला, "ग्राफिक. डीएससी शून्य शून्य चार सात."

"हे काय?" मॅडम म्हणाल्या.

"ह्या तुमी," दादा म्हणाले.

"मी?"

"तुमचा फोटू. कॅमेऱ्यानं जो नंबर दिला तोच ऱ्हायला. नाव कोनी घातलाच नाय."

मॅडमनी पुन्हा कळ दाबली. पोपटाने पुन्हा डीएससी शून्य शून्य चार सात म्हटलं. "अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली माझी," मॅडम म्हणाल्या, कोणाला उद्देशून ते कळलं नाही. "आणि मी शून्य शून्य चार सात?" शेजारी उभा असलेला शिपाई तोंड फिरवून खोकला. मग मॅडम स्वतःच फिसकन हसल्या आणि त्यांच्या हसण्याने आमची सुटका झाली. पंचा अजून तसाच होता. त्यांनी तो उचलला नाही. जुन्या जन्मनोंदणीच्या पानावर जाऊन त्या धडपडत कॅप्चापर्यंत पोचल्या आणि तिथे थांबल्या. पोपट म्हणाला, "ग्राफिक."

"कोणीतरी असतंच, असं म्हणाले मी," त्या म्हणाल्या. "पण सगळं कोणालातरी का सांगायचं? बरोबर आहे. टाका ओटीपी." निघताना दादांनी त्यांना पुढच्या शुक्रवारचं आमंत्रण दिलं. त्या आल्या. शून्य शून्य चार सातचं बारसं झालं आणि पूर्ण नाव, हुद्द्यासकट, त्यांनी स्वतः पाळण्यात सांगितलं.

नंतरचा महिना दादांनी एकच उद्योग केला. तो फॉर्म ते पुन्हा पुन्हा भरायचे, चुका करून, अर्धा सोडून, मागे येऊन. चाचणीसाठी खोट्या बाळांची नावं लागायची. ती सगळी त्यांच्या डब्यातून आलेली. कोलंबी हिराजी मढवी, बोंबील हिराजी मढवी, चिरंजीव जिताडा. तारखेच्या खणात पोपट अडखळला, ते मी तीनदा बदललं. वेबसाइट सुरू झाली आणि आठव्या दिवशी डिंपलला मुलगी झाली.

बारशाला आम्ही सगळं ऑफिस तळवलीला गेलो. दुपारची वेळ, गच्चीवर मांडव, खाली घरात खरा पाळणा. डिंपलच्या नणंदेने बाळाच्या कानात नाव सांगितलं, पण गोंगाटात मला ते ऐकू आलं नाही. जेवणाआधी दादांनी लॅपटॉप मांडीवर घेतला. पडदा नेहमीप्रमाणे काळा. कानात वायर. खोलीत पंधरा-वीस माणसं, आणि ते काय टाइप करतायत ते एकालाही दिसत नव्हतं.

माझ्या मनात तेव्हा जे आलं ते सांगते. आज पेन यांच्या हातात आहे. जानकी असं लिहिलं तर कोणाला कळणार? आणि मला वाटलं, लिहावं त्यांनी. त्यांचा हक्क आहे.

ओटीपी डिंपलच्या मोबाइलवर आला, तो तिने सांगितला. आईचं नाव, बापाचं नाव, तारीख, सगळं दादांनी भरलं. मग ते थांबले. त्यांनी कानातली वायर उपटून बाजूला टाकली, पोपटाचा आवाज मोठा केला, वेग कमी केला.

"डिंपल, हितं ये. नाव सांग."

"मगाशी सांगितलं ना बाबा. मायरा."

दादांच्या तोंडावर कडू कारलं खाल्ल्यासारखी कळा आली. लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. डिंपल म्हणाली, "बाबा, तुमाला आवडत नसंल तर जानकी लिवा. मी कंदी 'नाय' बोलनार नाय."

"नाव बालाच्या आयशीचा," दादा म्हणाले. "बोटां माजी."

आणि त्यांनी टाइप केलं. एकेका कळीबरोबर पोपट सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत गेला. म, काना, य, र, काना. मायरा. दादांनी ते परत एकदा वाचून घेतलं, बरोबर आहे ना म्हणून डिंपलला विचारलं. ती हो म्हणाली. मग फॉर्मवर खाली गेले. पोपट म्हणाला, "अर्ज दाखल करा, बटण." या बटणाची आई मी होते.

दादांचं बोट कळीवर टेकलं आणि तिथेच थांबलं.

"डिंपल, मायरा म्हंजे काय गं?"

डिंपलने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने आईकडे पाहिलं. मोबाइलवर कोणीतरी शोधायला लागलं, दोन जणांना दोन वेगळे अर्थ सापडले. "तसं नक्की नाय माहीत बाबा," डिंपल म्हणाली. "आयकायला छान वाटतं."

"खलगी तं नाय ना?"

आधी डिंपल फुटली, मग सगळी खोली. सावंत सर भिंतीला टेकून हसत होते, बाळ दचकून रडायला लागलं, त्याला उचलायला चार जणी एकदम धावल्या. त्या गोंधळात दादांनी कळ कधी दाबली आणि पोपट काय म्हणाला, आम्हा कोणालाच ऐकू आलं नाही. त्यांना आलं. काळ्या पडद्यासमोर मान किंचित वाकडी करून त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं, लॅपटॉप मिटला, आणि पंचाने दोन्ही डोळे पुसून म्हणाले, "झाला. वाढा आता."